नोकरीचा विमा आणि घरचा विमा

स्थळ पाहतांना पूर्वीं मुलाचें शिक्षण, घरची शेतीवाडी आणि डोक्यावर कर्ज आहे कीं नाहीं, एवढ्या गोष्टींची चौकशी झाली म्हणजे वधूपक्षाचें समाधान होत असे. हल्लीं त्यांत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. "कंपनीचा मेडिक्लेम आहे ना?" असें मुलीचे वडील हळूच विचारतात, आणि "हो, आईवडिलांसकट सगळ्यांचा आहे, पांच लाखांचा," असें उत्तर मिळालें कीं दुखण्याबाण्याची काळजी कायमची मिटली असें दोन्ही पक्ष समजून चालतात. हें समाधान कितपत खरें आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. ज्या घरांत दोन-तीन कमावते पुरुष, एक-दोन नोकरी करणाऱ्या सुना, सत्तरीच्या आसपासचीं वडीलधारीं माणसें आणि शाळेंत जाणारीं मुलें एका छपराखालीं राहतात, त्या घरांना हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. कचेरी विमा फुकट देत असतां पदरचे पैसे मोडून दुसरा कशाला घ्यावा, असें आम्हांस आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनीं आणि नातलगांनीं अनेकदां विचारलें आहे.

आजाराचा विमा आणि नोकरी ह्यांची गांठ मुळांत पडली कशी, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. अमेरिकेंतील डॅलस शहरीं बेलर विद्यापीठाचें रुग्णालय होतें. त्या रुग्णालयानें १९२९ सालीं शहरांतील शाळाशिक्षकांशीं असा ठराव केला कीं, शिक्षकानें दरमहा ५० सेंट भरावे आणि त्याबद्दल रुग्णालयानें वर्षांत २१ दिवसांपर्यंत त्याची शुश्रूषा करावी. (आमच्या व्यवसायबंधूंचा हा मान आम्ही आनंदानें नमूद करतों.) पुढें दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, त्या देशाच्या सरकारनें पगारवाढीवर बंधन घातलें, तेव्हां माणसें टिकवून धरण्यासाठीं मालकांनीं वाढीव पगाराऐवजीं विमा देण्याचा सपाटा लावला आणि ती प्रथाच पडली. आपल्याकडे कामगारांसाठीं १९४८ सालीं राज्य विमा कायदा झाला व १९५२ पासून कानपूर आणि दिल्ली येथें त्याची अंमलबजावणी सुरू झाली. केंद्र सरकारच्या नोकरांसाठीं १९५४ मध्यें निराळी योजना निघाली. सामान्य गृहस्थास स्वतःच्या नांवानें घेतां येईल असा मेडिक्लेम सरकारी विमा कंपन्यांनीं आणला तो १९८६ सालीं. म्हणजे नोकराचा विमा आधीं आणि गृहस्थाचा मागाहून, असा हा क्रम आहे. २०२० सालच्या टाळेबंदींत, कामावर परतणाऱ्या कामगारांस वैद्यकीय विमा असलाच पाहिजे, असा केंद्र सरकारनें आदेश काढल्यावर लहानसहान कचेऱ्यांतूनहि समूह विमा शिरला.

शाळेंत षष्ठी विभक्ति शिकवितांना आम्ही मुलांस विचारीत असूं कीं, "रामाचें पुस्तक" म्हणजे रामानें विकत घेतलेलें, रामानें लिहिलेलें, कीं नुसतें रामाच्या हातांत असलेलें? "माझा कंपनीचा विमा" ह्या शब्दांसहि हाच प्रश्न विचारावा. समूह विम्याचें विमापत्र मालकाच्या नांवाचें असतें. करार मालक आणि विमा कंपनी ह्यांच्यामधला. नोकर हा त्या करारांतला केवळ एक सभासद. करार बहुधा एका वर्षाचा असतो, आणि पुढील वर्षीं तो कोणत्या कंपनीशीं करावा, रक्कम किती ठेवावी, आईवडिलांस ठेवावें कीं गाळावें, हें मालक ठरवितो. सभासदाला त्यांत मत नसतें. पुष्कळांस तर आपल्या विमापत्राची प्रत जन्मांत दृष्टीस पडलेली नसते. त्यांच्याजवळ एक कार्ड असतें आणि मोबाईलमध्यें एक क्रमांक.

असें असलें तरी समूह विम्याची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्याचे गुण मोठे आहेत. वैद्यकीय तपासणी होत नाहीं. आधींपासून असलेला मधुमेह, रक्तदाब, दमा ह्यांवरील उपचार बहुतेक ठिकाणीं पहिल्या दिवसापासून मान्य होतात. सुनेचें बाळंतपण आणि नवजात बालकाचा खर्च पुष्कळदां त्यांत धरलेला असतो. स्वतंत्र विम्यांत बाळंतपण असलें तर त्यासाठीं लांबलचक मुदत वाट पाहावी लागते. वृद्ध सासूसासऱ्यांना, ज्यांना बाहेर कोणी सहजासहजीं घेणार नाहीं, त्यांना तेथें जागा मिळते. शेंकडों तरुण माणसांच्या पाठीवर थोडीं वृद्ध व आजारी माणसें तरून जातात, हें समूहाचें सामर्थ्य आहे, आणि एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला तें वेगळें समजावून सांगावें लागत नाहीं.

दोष आहे तो एकच, पण तो मुळाशींच आहे. हें छत्र नोकरीच्या खुंटीला टांगलेलें असतें.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत येथें देतों. नांव-गांव सांगण्याचें कारण नाहीं. यंत्रें बनविणाऱ्या एका कंपनींत तो वीस वर्षें होता. त्रेचाळिसाव्या वर्षीं त्याला मधुमेह निघाला. शेहेचाळिसाव्या वर्षीं हृदयाची एक रक्तवाहिनी चोंदून अँजिओप्लास्टी करावी लागली. त्या वेळीं कचेरीच्या विम्यानें सारा खर्च उचलला, आणि "सर, खिशांतून एक पैसाहि गेला नाहीं," असें त्यानें आम्हांस मोठ्या समाधानानें सांगितलें होतें. एकुणपन्नासाव्या वर्षीं कंपनीनें त्याचा विभागच बंद केला. हिशेबाचे पैसे बरे मिळाले, निरोपसमारंभ झाला, आणि नोकरीच्या शेवटच्या दिवसाबरोबर त्याचा, त्याच्या पत्नीचा, दोन मुलींचा आणि शहात्तर वर्षांच्या आईचा विमा संपला. स्वतंत्र विम्यासाठीं अर्ज केला तेव्हां एका विमा कंपनीनें हृदयविकार वाचून नकार कळविला. दुसरीनें घेतलें, परंतु हप्ता वाढवून आणि हृदय व मधुमेह ह्यांसंबंधींच्या उपचारांस तीन वर्षें थांबण्याची अट घालून. विसाव्या महिन्यांत पुन्हा छातींत कळ आली व बायपास करावी लागली. साडेचार लाखांचें बिल थोरल्या मुलीच्या शिक्षणासाठीं ठेवलेल्या ठेवींतून भरलें गेलें. त्या मुलीनें परगांवीं मिळालेली जागा सोडून घराजवळच्या महाविद्यालयांत नांव घातलें. प्रकृति आतां ठीक आहे. मुलगीहि हुशार आहे, ती मागें राहील असें आम्हांस वाटत नाहीं. तथापि त्या घरांत ह्या विषयावर अद्याप कोणी मोकळेपणानें बोलत नाहीं, हें आम्हीं पाहिलें आहे.

येथें विमाशास्त्रांतील एक बारकी गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. विमा घेण्यापूर्वीं जो आजार होता त्याला "आधींचा आजार" म्हणतात, आणि त्यासाठीं कंपनी कांहीं काळ वाट पाहावयास लावते. हा प्रतीक्षाकाल पूर्वीं जास्तींत जास्त चार वर्षांचा असे. विमा नियामक प्राधिकरणानें २०२४ सालीं तो तीन वर्षांवर आणला. शिवाय विमा घेतल्यावर पहिले ३० दिवस, अपघात वगळतां, कोणताहि दावा चालत नाहीं. आणि मोतीबिंदु, हर्निया, गुडघ्याचा सांधा बदलणें असल्या कांहीं ठराविक उपचारांनाहि बहुधा एक-दोन वर्षें थांबावें लागतें. विमा सतत पांच वर्षें चालू राहिला म्हणजे, लबाडी सिद्ध झाल्यावांचून, "तुम्हीं अमुक माहिती दडविली" असें म्हणून कंपनीस दावा नाकारतां येत नाहीं. ही मुदत पूर्वीं आठ वर्षांची होती. ह्या सगळ्या मुदती विमापत्राच्या तारखेपासून मोजतात, माणसाच्या वयापासून नव्हे. जो तिसाव्या वर्षीं, धडधाकट असतां, स्वतःच्या नांवें विमा घेतो त्याला त्रेचाळिसाव्या वर्षीं निघालेला मधुमेह हा "आधींचा" ठरतच नाहीं. तो विम्याच्या पोटांतच जन्मतो. जो अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त होऊन मग विमा शोधूं लागतो त्याचे सगळे आजार आधींचे ठरतात, आणि नेमकीं जीं तीन वर्षें धोक्याचीं, तींच उघड्यावर जातात.

समूहांतून बाहेर पडतांना कांहींच सोय नाहीं, असें मात्र नाहीं. नोकरी सोडणाऱ्या सभासदास त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक विम्यांत जाण्याचा अर्ज करतां येतो, आणि समूहांत काढलेलीं वर्षें प्रतीक्षाकालांत वजा मिळतात. पण त्यासाठीं अर्ज समूह विमा चालू आहे तोंवर, वेळेवर, झाला पाहिजे. आणि प्रकृति पाहून हप्ता ठरविण्याचा अथवा नकार देण्याचा विमा कंपनीचा अधिकार राहतोच. आमच्या त्या विद्यार्थ्यास ही वाट कोणीं दाखविली नाहीं; त्यास ती कळली तोंवर शेवटचा दिवस उलटून महिना झाला होता. नोकरी सुटण्याचीं चिन्हें दिसूं लागतांच कचेरींत ह्याची लेखी चौकशी करावी, मध्यस्थाच्या तोंडी आश्वासनावर राहूं नये.

घरांतील स्त्रियांच्या दृष्टीनें तर हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. जी सून नोकरी करीत नाहीं तिचा विमा नवऱ्याच्या नोकरीवर, आणि नवऱ्याचा विमा मालकाच्या मर्जीवर, असा दुहेरी टेकू असतो. दुर्दैवानें कर्ता पुरुष गेला तर त्याच्या नोकरीबरोबर बायकामुलांचा समूह विमाहि सामान्यतः संपतो; कोठें वर्षअखेरपर्यंत चालू ठेवतात एवढेंच. अशा प्रसंगीं जिच्यावर सारा भार पडतो तिनेंच नव्यानें अर्ज, तपासण्या, प्रतीक्षा ह्या खटाटोपांत पडावें, ह्यासारखी दुसरी विपरीत गोष्ट नाहीं. गीतेंतल्या "योगक्षेम" ह्या शब्दाची फोड करतांना भाष्यकार योग म्हणजे न मिळालेलें मिळविणें आणि क्षेम म्हणजे मिळालेल्याचें रक्षण असा अर्थ देतात. नोकरीनें योग साधतो. क्षेमाची तजवीज मात्र निराळी करावी लागते.

निवृत्तांचा समूह केला तर हा प्रश्न सुटेल, असें कोणास वाटेल. ह्याचा अनुभव आमच्या ओळखीच्या अनेक घरांनीं घेतला आहे, कारण आपल्यांतील कितीतरी मंडळी बँकांतून निवृत्त झालेली. बँकांच्या संघानें आणि कामगार संघटनांनीं २०१५ सालच्या वेतनकरारांत समूह विमा आणला. अधिकाऱ्यांस चार लाख व इतर नोकरांस तीन लाख अशी रक्कम होती. कामावर असलेल्यांचा हप्ता बँक भरी, निवृत्तांनीं तो आपल्या पदरचा भरावा असें ठरलें. पहिल्या वर्षीं हप्ता बेताचा होता. परंतु ज्या समूहांत सगळेच म्हातारे, त्यांत दावे अधिक येणार, आणि दावे अधिक आले कीं पुढच्या वर्षीं हप्ता चढणार, हें सांगावयास ज्योतिषी नको. कांहीं वर्षांतच तो अनेक पटींनीं वाढला, आणि ठराविक निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या पुष्कळांनीं रक्कम कमी करून घेतली किंवा तो सोडूनच दिला. तरुणांच्या पाठीवर म्हातारे तरतात असें आम्हीं वर म्हटलें, त्याची ही दुसरी बाजू होय.

आतां खर्चाकडे वळूं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जी. एस. टी. उठविण्यांत आला, समूह विम्यावर मात्र तो तसाच ठेवला. म्हणजे स्वतःच्या नांवें विमा घेणाऱ्याचा हप्ता त्या मानानें हलका झाला. जुन्या करपद्धतीनें आयकर भरणारास हप्त्याची २५,००० रुपयांपर्यंत, आणि साठीपुढील माणसांच्या हप्त्याची ५०,००० पर्यंत, वजावट मिळते. नव्या पद्धतींत ती नाहीं. वैयक्तिक विम्याचा हप्ता वयाबरोबर वाढतो, ही गोष्ट लपवून उपयोग नाहीं. साठीपुढील माणसांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा असेल तर प्राधिकरणाशीं विचारविनिमय केल्यावांचून वाढवूं नये, असें २०२५ च्या जानेवारींत ठरलें, हा एक आधार आहे. आणि एकदां घेतलेल्या विम्याचें नूतनीकरण, हप्ता वेळेवर भरला असतां, "तुम्हीं दावे फार केले" ह्या कारणानें कंपनीस नाकारतां येत नाहीं. हें आश्वासन नोकरीच्या विम्यांत कोठून मिळणार?

मग कचेरीचा विमा सोडून द्यावा काय? मुळींच नाहीं. फुकट मिळतो तोंवर तो ठेवावा, परंतु त्याला घरचा विमा समजूं नये. आमचें मत असें आहे कीं, पहिल्या नोकरीबरोबर, किंवा फार तर लग्नानंतर लगेच, नवराबायकोंनीं आपल्या नांवें लहानसा का होईना विमा घ्यावा आणि तो एकही वर्ष खंडित होऊं देऊं नये. आईवडिलांना आधींच व्याधि असतील तर त्यांना समूहांतच राहूं द्यावें. तेथें त्यांना जें मिळतें तें बाहेर मिळणार नाहीं. तीं साठीच्या आंत आणि निरोगी असतील तर मात्र कचेरी त्यांच्यासाठीं पगारांतून जे पैसे कापते, त्या पैशांत त्यांच्या नांवाचा निराळा विमा बसतो का, हें आधीं पाहावें.

एकत्र कुटुंबांत एक मोह होतो, तो म्हणजे सगळ्यांस एकाच फ्लोटर विम्यांत घालण्याचा. फ्लोटर म्हणजे सर्वांमध्यें एकच सामाईक रक्कम. त्याचा हप्ता बहुधा घरांतील सर्वांत वडील व्यक्तीच्या वयावर ठरतो; अडुसष्ट वर्षांच्या आजोबांमुळें तरुणांचाहि हप्ता चढतो, आणि आजोबांच्या एका शस्त्रक्रियेंत सगळ्यांची रक्कम संपूं शकते. जेवणाची पंगत एक असावी, विमापत्रें निराळीं असावीं.

ज्यांना दोन्ही हप्ते झेपत नाहींत त्यांच्यासाठीं सुपर टॉप-अप म्हणून एक प्रकार आहे. वर्षभरांतील रुग्णालयाचा खर्च एका ठराविक रकमेच्या वर गेला कीं हा विमा सुरू होतो, म्हणून तो स्वस्त पडतो. ही मर्यादा पांच लाखांची धरली आणि बिल आठ लाखांचें झालें, तर पांच लाख कचेरीच्या विम्यांतून जातात आणि वरचे तीन लाख सुपर टॉप-अपमधून. नोकरी गेली म्हणजे खालचे पांच लाख उघडे पडतात खरे, पण आपल्या नांवाच्या विम्याचीं वर्षें तरी जमा होत राहतात.

विमापत्र घेतांना रकमेइतकेंच खोलीभाड्याचें कलम वाचावें. पुष्कळ जुन्या विमापत्रांत, आणि समूह विम्यांत तर फारच, खोलीभाडें दिवसाला रकमेच्या एक टक्का असें असतें. पांच लाखांच्या विम्यास ५,००० रुपये. नातेवाइकांस बसावयास ऐसपैस जागा हवी म्हणून १०,००० ची खोली घेतली, तर नुसतें भाडेंच अर्धें मिळतें असें नव्हे. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा असे खोलीच्या दर्जाप्रमाणें वाढणारे आकारहि अर्धेच मिळतात. औषधें, आंत बसविलेलीं उपकरणें आणि तपासण्या ह्यांस ही कात्री लागत नाहीं. चार दिवसांचें भाडें ४०,००० आणि वरील आकार १,६०,००० धरले, तर ऐसपैस खोलीपायीं घरच्या खिशांतून एक लाख रुपये जातात. असलें कलम नसलेलें विमापत्र थोडें महाग पडलें तरी घ्यावें.

अर्जांत प्रकृतीविषयीं विचारलेल्या प्रश्नांस खरीं उत्तरें द्यावीं. "रक्तदाबाची गोळी लिहूं नका, हप्ता वाढेल," असा सल्ला देणारे मध्यस्थ असतात. दावा येतो तेव्हां रुग्णालयाच्या कागदांत पहिल्याच ओळींत त्या गोळीचें नांव आणि ती किती वर्षें चालू आहे हें लिहिलेलें असतें, आणि तो मध्यस्थ तेव्हां फोन उचलीत नाहीं. विमापत्र हातीं आल्यावर ३० दिवसांच्या आंत वाचून तें न पटल्यास परत करण्याचा अधिकार आहे. त्या तीस दिवसांत एक रविवार त्यासाठीं काढावा. दावा अन्यायानें नाकारला गेला तर आधीं कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि तेथें दाद न लागल्यास विमा लोकपालाकडे जावें. मुंबई आणि पुणें येथें त्यांचीं कार्यालयें आहेत, फी लागत नाहीं, वकीलहि लागत नाहीं.

दोन विमे जवळ असतां कोणावर आधीं दावा करावा, हें विमेदारानें ठरवावयाचें असतें. आधीं कचेरीच्या विम्यावर करावा. तो पुरला तर घरच्या विम्यास हात लागत नाहीं आणि बिनदाव्याच्या वर्षाबद्दल रकमेंत जी वाढ मिळते ती शाबूत राहते. न पुरला तर उरलेल्या खर्चासाठीं रुग्णालयाच्या बिलांच्या प्रमाणित प्रती आणि पहिल्या कंपनीचें हिशेबपत्र मागून घ्यावें लागतें, तें घरीं जाण्यापूर्वींच मागावें.

ज्या घरांत सत्तरीपुढील माणसें आहेत, त्यांच्यासाठीं केंद्र सरकारनें २०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्नाची अट न ठेवतां आयुष्मान भारत योजनेखालीं वर्षाला पांच लाखांपर्यंत उपचारांची सोय केली आहे. आधार कार्डावरून तें कार्ड निघतें. आपल्या गांवांतील कोणतीं रुग्णालयें त्या यादींत आहेत तें आधींच पाहून ठेवावें. हीं सगळीं कार्डें, विमापत्रांचे क्रमांक आणि कंपनीचा फोन एका वहींत लिहून ती वही घरांत सर्वांस ठाऊक असलेल्या जागीं ठेवावी. कारण आजवर आम्हीं पाहिलें तें असें कीं, ह्या गोष्टी घरांत एकाच माणसाला माहीत असतात, आणि रात्रीं दोन वाजतां रुग्णालयांत न्यावें लागतें तें बहुधा त्यालाच.